पदव्युत्तर पदवी आणि तालुक्याची निकड

राजापूरसारख्या तालुक्यातला तरुण डॉक्टर एम.डी. वा एम.एस. करावयास बाहेर पडला की बहुधा परतत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या तीन उमेदीच्या वर्षांचे मोल शहरच चुकते करते. २०२० च्या नियमाने निवासी डॉक्टरांना जिल्ह्यात तीन महिने काम सक्तीचे झाले. परंतु तेवढ्याने तज्ज्ञ तालुक्याचा होत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला आणि त्याबदली ग्रामीण सेवेचे बंधपत्र घेण्यास सुचविले. हा सौदा रास्त आहे. मात्र भूलतज्ज्ञाविना शल्यचिकित्सकाची पदवी निरुपयोगी ठरते. बंधपत्र माणसाला थांबवील. टिकवतील ती कामाची साधनेच.