संकेतस्थळ कसें असावें?

आपल्या संस्थेनें स्वतःचें संकेतस्थळ, म्हणजे बोलण्यांत ज्यास आपण वेबसाइट म्हणतों तें, काढावें अशी सूचना कांहीं सभासदांनीं केली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु आतांपर्यंत चर्चा झाली ती बहुतेक रंग व चित्रें ह्यांविषयींच. आमची हयात महसूल खात्यांत दप्तर लिहिण्यांत व शोधण्यांत गेली. त्या अनुभवावरून आम्हांस असें वाटतें कीं, संकेतस्थळ हेंहि एक दप्तरच होय. आणि दप्तराची परीक्षा रुमालाच्या रंगावरून होत नसून, आलेल्या मनुष्यास हवा तो कागद किती लवकर व किती बिनचूक मिळतो ह्यावरून होते.

ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या सातबाऱ्याचें आहे. गांव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, व बारा म्हणजे पिकांची नोंदवही. उतारा जिंतूरचा असो वा गंगाखेडचा, गट क्रमांक, क्षेत्र व खातेदाराचें नांव ठराविक जागींच सांपडतें. म्हणून अल्पशिक्षित कास्तकारहि त्यावर नेमकें बोट ठेवतो. सन २०२० मध्यें ह्या नमुन्यांत सुधारणा झाली, तेव्हां दोन खातेदारांच्या नांवांमध्यें रेघ आली. रेघ ती केवढी! परंतु एकाचें क्षेत्र दुसऱ्याच्या नांवापुढें वाचलें जाण्याची चूक तीच टाळते. रचना म्हणतात ती हीच. महाभूलेख ह्या शासकीय संकेतस्थळावरहि जिल्हा, तालुका, गांव व गट हाच क्रम आहे. तो कास्तकारास आधींच तोंडपाठ असतो. त्यास नवें कांहीं शिकावें लागत नाहीं.

ह्यावरून आपल्या कामापुरते नियम निघतात ते असे.

पहिला नियम क्रमाचा. ज्यासाठीं मनुष्य येतो, तें पहिल्या पानावर प्रथम असावें: हवामानाचा सल्ला, बियाण्याची उपलब्धता, अर्जांच्या मुदती, येथील कृषि विद्यापीठाच्या खरीप मेळाव्याची सूचना. पदाधिकाऱ्यांचीं छायाचित्रें व संस्थेचा इतिहास मागील पानांवर शोभतील.

दुसरा नियम शब्दांचा. कास्तकार ज्या नांवानें वस्तु मागतो, तेंच नांव लिहावें. दाबावयाच्या जागीं नुसतें 'येथें दाबा' असें न लिहितां, 'पीकविम्याचा अर्ज भरा' असें काय होणार तें लिहावें.

तिसरा नियम हलकेपणाचा. चार मेगाबाइटांचें एक छायाचित्र, सेकंदास एक मेगाबिट इतकी मंद गति असलेल्या शिवारांत उघडण्यास ३२ सेकंद घेतें. तेवढ्या वेळांत वाचणारा मोबाईल खिशांत घालतो. चित्र लहान करावें, किंवा गाळावें.

चौथा नियम अक्षरांचा. मजकूर युनिकोड संकेतप्रणालींत असावा. पूर्वींच्या कित्येक मराठी टंकांतील मजकूर, तो टंक ज्याच्या यंत्रावर नाहीं त्यास निरर्थक चिन्हांसारखा दिसे. सूचनेचें छायाचित्र चिकटवूं नये. त्यांतील शब्द शोधूनहि मिळत नाहींत, व अंधांस वाचून दाखविणाऱ्या साधनांसहि तें सहसा उमगत नाहीं. अक्षर व पार्श्वभूमि ह्यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें, असा जागतिक दंडक आहे. भर उन्हांत पडदा पाहणाऱ्यास त्याचें मोल कळतें.

पांचवा नियम तारखेचा, व तो आम्हीं स्वतः ठेंच खाऊन शिकलों. एके वर्षीं शेजारच्या कास्तकारानें औजारांच्या अनुदानाच्या अर्जाची मुदत आम्हांस विचारली. आम्हीं एका संकेतस्थळावर पाहून 'अद्याप आठ दिवस आहेत' असें सांगितलें. सूचनेंत दिवस व महिना होता, सन नव्हता. ती मागील वर्षाची निघाली. चालू वर्षाची मुदत आदल्याच दिवशीं संपली होती. त्याचें पेरणीयंत्र त्या वर्षीं गेलें. तो आम्हांस एक शब्दहि बोलला नाहीं. परंतु ज्या आम्हीं सन पाहिल्यावांचून एक कागद पुढें सरकविला नाहीं, त्या आमच्याच हातून ही चूक व्हावी, ह्याची आम्हांस आजहि लाज वाटते. म्हणून प्रत्येक सूचनेवर दिवस, महिना व सन असावा. मुदत संपतांच ती तेथून काढून जुन्या दप्तरांत ठेवावी. आणि हें काम कोणा एकाकडे नेमून द्यावें.

शेवटीं, संकेतस्थळ सर्वांस खुलें करण्यापूर्वीं तें बांधावर नेऊन एखाद्या वृद्ध कास्तकाराच्या हातीं द्यावें, एक तारीख शोधावयास सांगावें, व आपण स्तब्ध बसावें. त्याचें बोट जेथें अडेल, तेथें दोष त्याचा नसून आपल्या पानाचा आहे, असें समजून तें दुरुस्त करावें. सभासद बंधुभगिनींनीं पुढील बैठकींत रंगाआधीं ह्याचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.