खाडीकाठची वाट कशाची करावी?

अलिबागच्या खाडीकाठी पायवाट करावयाची आहे, असे समजा. ती कशाची करावी? चिकणमातीची, जांभ्याची की खडीची? निवड चुकली, तर पहिल्याच पावसाळ्यात वृद्धांचे पाय घसरतील.

येथील खरा शत्रू खारे पाणी. ते केशाकर्षणाने खालून वर चढते. छिद्राची त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल, तर ते सुमारे १५ सेंटिमीटर चढते. त्रिज्या दहापट लहान असेल, तर दीड मीटर! म्हणून चिकणमाती सदैव ओलसर व निसरडी राहते. जांभा सच्छिद्र, त्यातील पाणी वाळले, की मिठाचे स्फटिक वाढून दगड आतून झिजवितात. खडीमधील मोठ्या पोकळ्यांत मात्र पाणी जेमतेम काही मिलिमीटर चढते.

तेव्हा तळाशी काळ्या दगडाची खडी, वर चोपलेला मुरूम आणि दोन्ही बाजूंना उतार, ही रचना बरी. पावसाने वाहून गेलेला मुरूम दरवर्षी भरावा लागेल, एवढेच.

१६८० च्या सुमारास बांधलेला कुलाबा किल्ला पाहा. त्याच्या तटाचे चिरे चुन्याशिवाय रचले आहेत. लाटांचे पाणी फटींतून निघून जाते. पाण्याला वाट दिली, की आपली वाट टिकते.