घाटउतारावरचा भरवसा

आमच्या अब्बांना दर महिन्याला तपासणीसाठी चिपळूणहून कऱ्हाडला न्यावं लागतं. वाट कुंभार्ली घाटाची. जाताना चढ, येताना उतार. गाडी जुनी आणि लहान. मागे अब्बा-अम्मी, डिकीत त्यांची व्हीलचेअर आणि कऱ्हाडहून घेतलेला महिन्याचा बाजार.

गेल्या वर्षी असंच परतताना कोयनानगर मागे पडलं आणि घाट सुरू झाला. पुढे भरलेला ट्रक, त्यामुळे आमचा पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या उतारावर जळका वास येऊ लागला. "बाहेर कुणी टायर जाळतंय वाटतं," अम्मी म्हणाल्या. आणखी दोन वळणं गेली आणि ब्रेकचं पेडल स्पंजासारखं मऊ लागलं. पाय खाली गेला, गाडी मात्र तशीच पुढे. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबलं तेव्हा थोडं धरलं. गिअर दुसऱ्यावर, मग पहिल्यावर आणला, हॅण्डब्रेक हळूहळू ओढला आणि कडेला रुंद जागा मिळाली तिथे गाडी उभी केली. अब्बा झोपेत होते. त्यांना काही कळलं नाही. आमचे मात्र हातपाय गार पडले होते.

घरी आल्यावर थोरल्या मुलाने त्याच रात्री मोबाईलवर मोठ्या ब्रेकचा किट शोधून मागवला. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर, जाळीदार स्टीलचे पाइप. फोटोत फार देखणा. तो घेऊन आम्ही आमच्या जुन्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. चाचांनी खोका उघडलाही नाही. "आधी जे आहे ते बघू," म्हणाले.

झाकण काढून त्यांनी ब्रेक ऑइल दाखवलं. काळ्या चहासारखं झालेलं. शेवटचं कधी बदललं होतं, ते आम्हाला कुणालाच आठवेना. पुढचे ब्रेक पॅड झिजून पातळ झालेले, रबरी पाइपांना बारीक चिरा. चाचांनी समजावलं ते इथे मांडतो, कारण आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत.

आपण पेडल दाबतो तो दाब ऑइल चाकापर्यंत पोहोचवतं. तिथे कॅलिपर पॅडना डिस्कवर आवळतो आणि गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. वेग दुप्पट तर उष्णता चौपट. सपाट रस्त्यावर दोन ब्रेकच्या मध्ये डिस्क थंड होते. लांब उतारावर तिला उसंतच मिळत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. म्हणून पाय खाली जातो आणि चाकापर्यंत दाब पोहोचत नाही. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर पॅड तापून त्यांची पकड गेली असं समजावं. आमचं दुखणं पहिलं होतं.

चाचांनी ऑइल, पॅड आणि पाइप बदलले. हा सगळा खर्च किटच्या किमतीच्या पासंगालाही पुरला नसता. पुढच्या महिन्यात पेडल घाटभर घट्ट राहिलं. पण वास पुन्हा आला. आता मात्र चाचाही म्हणाले, "दर महिन्याला एवढा उतार, एवढं वजन आणि तुमची डिस्क सपाट, एकेरी. मोठी घालायला हरकत नाही. पण मापाची."

मुलाने मागवलेल्या किटचा खोका आता कुठे उघडला. चाचांनी कॅलिपरच्या आकाराचा पुठ्ठा कापून आमच्या चाकाच्या आत धरला. रिमला घासला. मुलगा खजील झाला आणि किट परत गेला. दुसरा किट निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. कॅलिपर आणि रिम यांच्यात मोकळी फट राहिली पाहिजे. कॅलिपरचे पिस्टन इतके मोठे नकोत की मूळ मास्टर सिलिंडरचं ऑइल पुरेनासं होऊन पेडल खोल जाईल. आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडता कामा नये; मागची चाकं आधी अडली तर गाडी गरकन फिरते. शेवटी आमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, मधे हवेची पोकळी असलेल्या डिस्कचा किट मिळाला. अशा डिस्कमध्ये धातू जास्त, त्यामुळे ती उष्णता जास्त पोटात घेते आणि फिरताना पोकळीतून गरम हवा बाहेर फेकते.

एक काम घरच्या बाईमाणसाने आठवण करून दिली म्हणून झालं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. म्हणून आम्ही आधी आरटीओत विचारलं आणि विमा कंपनीला लेखी कळवलं. उद्या काही झालंच तर दावा नाकारायला निमित्त नको.

जुम्म्याच्या नमाजनंतर काम सुरू झालं. गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट थोडे सैल केले, मग जॅक लावून खाली भक्कम स्टँड दिले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली चाचा हातही घालू देत नाहीत. जुना कॅलिपर सोडवताना पाइपावर लोंबू दिला नाही, तारेने बांधून ठेवला. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला. तिथे कण जरी राहिला तरी डिस्क किंचित वाकडी बसते आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण धुतलं. पाइपाच्या जोडावर तांब्याचे वॉशर नवे घातले. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापावर आवळले. ऑइल पत्र्यावर सांडलं की रंग खातं, म्हणून बादलीभर पाणी जवळ ठेवलं.

मग पाइपांतली हवा काढायची होती. धाकटी मुलगी पेडलवर बसली. चाचा चाकाशी. "दाब... धरून ठेव... आता सोड." निपल उघडला असताना पेडल सोडलं तर हवा परत आत जाते, म्हणून ती श्वास रोखून चाचांच्या शब्दाची वाट पाहायची. आम्ही वरची टाकी रिकामी होऊ दिली नाही. बुडबुडे बंद झाले आणि पेडल घट्ट झालं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ईदचा चांद दिसल्यासारखा आनंद होता.

काम एवढ्यावर संपत नाही. गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून पॅड डिस्कला टेकवावे लागतात, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. नंतर मोकळ्या रस्त्यावर किटच्या कागदात लिहिलं होतं तसं पॅड बसवून घेतले: वेग घेऊन मध्यम जोराने ब्रेक लावायचा, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही, मधे थंड होऊ द्यायची आणि हे अनेकदा करायचं. दोन दिवसांनी नट आणि जोड पुन्हा तपासले. कुठे ओल नव्हती.

मुलाला वाटलं, आता गाडी निम्म्या अंतरात थांबेल. चाचा हसले. "बेटा, ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो." चाक अडवण्याइतकी ताकद जुन्या ब्रेकमध्येही होती. नव्या किटने दिली ती दहाव्या वळणावरही पहिल्या वळणासारखा ब्रेक लागण्याची खात्री. झिजलेल्या टायरला आणि ओल्या रस्त्याला तो काही करू शकत नाही. आम्ही टायरही बदलले.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय चाचांनी शेवटी सांगितला: घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवू पाहणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावं.

निघताना अम्मी सफरची दुआ पढतात, तशी आजही पढतात. पण उंट बांधल्यावरच तवक्कल, हे त्याच आम्हाला लहानपणापासून सांगत आल्या आहेत, आणि आम्ही ब्रेक ऑइलचं झाकण वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं. गाडीत बसणारा माणूस आपल्याकडे अमानत असतो. आता दर दोन वर्षांनी ऑइल बदलायची तारीख आम्ही घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो, रमजानच्या तारखांच्या शेजारी.

परवा कुंभार्ली उतरलो. दुसरा गिअर, वळणावर हलका ब्रेक, वास नाही. पोफळीला पोहोचल्यावर अब्बा जागे झाले आणि नेहमीसारखंच म्हणाले, "घाट आला का?"