ब्लाऊजचा हूक लागेना तेव्हा

येत्या सोमवारी माझ्या मानेचं ऑपरेशन आहे. हे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. एक तर पेन नीट धरवत नाही आणि दुसरं म्हणजे कागदावर उतरलं की ते खरं वाटायला लागतं.

मैत्रिणींनो, मान दुखते हे काय सांगण्यासारखं दुखणं आहे का? आपल्यात कुणाची दुखत नाही? खाली मान घालून भाकरी थापायची, खाली मान घालूनच निवडायचं, टिपायचं, शिवायचं. आता त्यात मोबाईलची भर. दळणाचा डबा, बाजाराची पिशवी, कडेवरचं मूल, सगळा भार शेवटी मानेवरच. त्यामुळे माझीही मान दुखायला लागली तेव्हा मला त्याचं काहीच विशेष वाटलं नाही. बारा वर्षं झाली त्याला. पुतणीचं लग्न होतं. आठ दिवस घरात पन्नास माणसांचा राबता. लग्न पार पडलं, पाहुणे गेले, मान मात्र तशीच धरलेली राहिली. सकाळी उठताना अख्खं अंग वळवून उठायचं. पुढे दुखणं उजव्या खांद्यात उतरलं, मग दंडातून थेट अंगठ्यापर्यंत. रात्री झिणझिण्यांनी जाग यायची. हात झटकत स्वयंपाकघरात फेऱ्या मारायच्या, म्हणजे ह्यांची झोप मोडायला नको.

उपाय? सगळे केले. बाम झाला, तेल झालं, तव्यावर मिठाची पुरचुंडी तापवून शेकून झालं. उशी काढून टाकली, परत घेतली. डॉक्टरांनी पट्टा दिला. पण पट्टा घालून बचत गटाच्या बैठकीला गेलं की पहिला अर्धा तास ‘काय झालं ताई’ यातच जायचा. म्हणून पट्टा पिशवीत आणि मान पदराखाली. मेडिकलमधून गोळी आणायची, ती पोटाला बाधायची, मग पित्ताची गोळी. एकदा तर कुणीतरी सांगितलं म्हणून मान ‘मोडून’ देणाऱ्याकडेही जाऊन आले. कट्ट असा आवाज झाला, बरं वाटलं, दोन दिवस टिकलं. परवा डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘त्या दिवशी तुमचं नशीब चांगलं होतं ताई,’’ एवढंच म्हणाले.

गंमत बघा, गावोगावी आरोग्य शिबिरं घेणारी मी. हिमोग्लोबिन तपासा, गाठ वाटली तर दाखवा, दुखणं अंगावर काढू नका, हे माईकवरून सांगून माझा घसा बसायचा. आणि स्वतःचं दुखणं बारा वर्षं अंगावर काढत होते. दुसऱ्या बाईला घेऊन दवाखान्यात जायचं म्हटलं की वेळ काढता यायचा. स्वतःसाठी मात्र कायम ‘पुढच्या महिन्यात’.

दुखण्याने माणसाचा स्वभाव बदलतो, हे कुणी सांगत नाही. मी चिडकी झाले होते. लेक पुण्याहून सुट्टीला आली की दोन दिवसांत म्हणायची, ‘‘आई, तू सारखी कुणावर तरी रागावलेली असतेस.’’ मुलाने एकदा नुसता ताट सरकवल्याचा आवाज केला म्हणून मी त्याच्यावर एवढी ओरडले की तो न जेवता उठला. मान दुखतीय म्हणून ओरडले, असं त्याला सांगता आलं असतं. पण ते कारण मला तेव्हा कुठे कळलं होतं!

आणि आता जे सांगते आहे ते जरा लक्ष देऊन वाचा. ऑपरेशनची वेळ आली ती दुखणं वाढलं म्हणून नाही. उलट गेल्या वर्षभरात हाताची कळ कमी झाली होती. मला वाटलं, चला, सुटलो! त्याच सुमारास एका कार्यक्रमाला निघताना ब्लाऊजचे हूक लागेनात. एक हूक लावायला दहा मिनिटं. बोटांना हूक सापडायचा, पण पकडता यायचा नाही. शेवटी ह्यांना हाक मारली. आम्ही दोघंही हसलो, वय झालं म्हणालो. मग सुईत दोरा ओवता येईना. दुधाचं पातेलं हातातून सुटलं. मग बँकेत गटाच्या स्लिपवरची माझी सही जुळेना. बिचाऱ्या क्लार्कने तीनदा करायला लावली, तिन्ही वेगळ्या. जिने उतरताना कठडा धरावा लागायचा, अंधारात पाय कुठे पडतोय ते कळायचं नाही. या सगळ्याचा मानेशी काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नाही. सही जुळली नाही त्या रात्री मात्र मी घाबरले. बी.ए.ला मराठी घेतलेली मी, माझ्या अक्षराचं कॉलेजात कौतुक व्हायचं.

बार्शीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दुसऱ्याच दिवशी सोलापूरला धाडलं. एमआरआयच्या आधी अंगावरचं सगळं काढून ठेवायला सांगतात. मंगळसूत्र, जोडवी, पिना, सगळं. सासूबाईंना फोनवर हे कळलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अर्धा तास त्या नळकांड्यात, कानाशी हातोडे मारल्यासारखा आवाज. मी मनातल्या मनात गटातल्या बायकांच्या कर्जाचे हप्ते मोजत पडून राहिले.

मेंदू आणि मणक्याच्या सर्जनांनी फोटो बघण्याआधी माझे हात बघितले. ‘‘मूठ उघड-बंद करा, जेवढी भराभर जमेल तेवढी.’’ दहा सेकंदांत साधारण वीस वेळा तरी व्हायला हवी म्हणे. माझी तेरा वेळा झाली. मग त्यांनी माझ्या मधल्या बोटाचं टोक खाली दाबून पटकन सोडलं, तर अंगठा आपोआप आत वळला. मी काहीच केलं नव्हतं! तेव्हा डॉक्टर गंभीर झाले.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मानेत सात मणके. त्यांच्यामध्ये गादीसारख्या चकत्या असतात. वयाने, झिजेने त्या सुकतात, फुगतात, कडेला हाडाची टोकं वाढतात. बाजूला निघणारी नस दाबली गेली तर हातात कळ येते, मुंग्या येतात. माझं बारा वर्षं तेच चाललं होतं. पण मणक्यांच्या मधून मेंदूकडून खाली येणारा करंगळीएवढा जाड मज्जारज्जू असतो. गादी मागे सरकून तोच दाबला गेला, तर दुखणं फारसं नसतंसुद्धा. हात अडाणी होतात, चाल बिघडते, पुढे लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. माझ्या पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मध्ये हेच झालंय.

‘‘म्हणजे ऑपरेशन केलं की मान दुखायची थांबेल ना?’’ मी विचारलं. बारा वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

‘‘थांबेल असं मी लिहून देणार नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘हे ऑपरेशन आपण दुखण्यासाठी करत नाही ताई. हात-पाय आज जिथं आहेत, त्याच्या खाली जाऊ नयेत म्हणून करतोय. त्यात सुधारणा झाली तर आनंदच. पण उशीर जितका होईल, तितकं परत मिळणं अवघड.’’

परतीच्या एसटीत मी वैरागपर्यंत बोललेच नाही. एवढं गळा कापून घ्यायचं आणि दुखणं राहिलं तर?

घरी आल्यावर तर सल्ल्यांचा पूरच आला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मानंला सुरी लावत्यात व्हय कुठं? आमच्या गावात एकाचं केलं, आंथरुणाला खिळला.’’ त्या माणसाचं नेमकं कशाचं ऑपरेशन होतं, हे कुणालाच सांगता येईना. दिरांनी पंचकर्म सुचवलं. गटातल्या एकीने अंगारा आणून दिला, तो मी ठेवून घेतला. तिचा जीव आहे माझ्यावर. जाऊबाईंचं म्हणणं, ‘‘माझी मान फिजिओथेरपीनं बरी झाली की!’’ ते खरं आहे. बहुतेक माना व्यायामाने, काळजी घेतल्याने, वेळ गेल्याने बऱ्या होतात, त्यांना सुरी लागत नाही. हे वाचून कुणी उगीच धास्ती घेऊ नका. पण जाऊबाईंची नस दाबली गेली होती, माझा मज्जारज्जू. एवढा फरक पटवून द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं. लेकीने सुट्टी काढली. उत्तर तेच आलं, फक्त मराठीऐवजी इंग्रजीत. ऑपरेशनही काही नवं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ते सुरू झालं. तेव्हा सरकलेली गादी काढून तिथे बसवायला कमरेचं हाड घेत. आता पोकळ ठोकळ्यासारखा पिंजरा आणि टायटॅनियमची छोटी पट्टी बसवतात. हळूहळू वरचा आणि खालचा मणका एकमेकांना जुळून एक होतात, त्याला काही महिने जातात. आणि हे सगळं मानेच्या मागून नाही, गळ्याच्या पुढून करतात. श्वासनलिका, अन्ननलिका हलकेच बाजूला सारून.

हे ऐकल्यापासून माझी खरी भीती वेगळीच होती. ती मी घरात कुणाला सांगितली नव्हती. माझा आवाज! बोलणं हेच माझं काम. गटाच्या बैठकीत, ग्रामसभेत, नवरा-बायकोच्या भांडणात मध्ये पडताना, मी जे काही करते ते बोलून करते. म्हणून एक दिवस कालनिर्णयच्या जुन्या पानामागे अकरा प्रश्न लिहिले आणि पुन्हा सोलापूर गाठलं. हे म्हणाले, ‘‘अगं, डॉक्टरांना एवढं विचारायचं असतं का? सही कर की.’’ मी म्हटलं, मान माझी आहे.

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि अकराच्या अकरा प्रश्नांची उत्तरं दिली. आवाज काही दिवस, काही आठवडे घोगरा होऊ शकतो, बहुतेकांचा परत येतो, थोड्या जणांचा पूर्ण येत नाही. गिळताना सुरुवातीला दुखेल. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नसेला इजा, हाड न जुळणं, हे धोके कमी आहेत, पण आहेत. एकच जागा जोडणार, त्यामुळे मान वळायला फारसा फरक पडणार नाही. आणि मग त्यांनीच मला विचारलं, ‘‘तंबाखू, मिश्री?’’ मी नाही म्हटलं. पण मला आमच्या गटातल्या निम्म्या बायका आठवल्या. निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो, हे मला माहीत नव्हतं. मिश्रीला आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासणं म्हणतो. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, ‘‘माझी मान कुठं दुखतीय?’’

पैशांचंही सांगायला हवं, कारण बायका तिथेच अडतात. आम्हाला खासगीत दोन-अडीच लाखांचा अंदाज मिळाला होता. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिच्यात मणक्याच्या शस्त्रक्रियाही बसतात. मात्र सगळ्या दवाखान्यांत ती नसते. जिथे असते तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड, आधार घेऊन दाखल होण्याच्या आधी त्यांना गाठायचं, बिल झाल्यावर नाही. दुसऱ्यांचे असे कागद मी कितीतरी वेळा करून दिलेत. स्वतःच्या नावाचा फॉर्म भरताना मात्र चमत्कारिक वाटलं.

शेवटी हो म्हटलं ते कुणाच्या पटवण्याने नाही. एका रात्री मूठ उघड-बंद करून बघितली. घड्याळ लावून. अकरा. दोन महिन्यांपूर्वी तेरा होती. सकाळी दवाखान्यात फोन करून तारीख घेतली.

आता तयारी चालली आहे. गटाचं दप्तर सचिवांकडे दिलं, सहीचे अधिकारही. मुलाला कपड्यांचं मशीन दाखवलं. तेव्हाच त्याला ते जेवणावरून ओरडल्याचंही सांगितलं, का ओरडले ते. त्याला आठवतही नव्हतं, किंवा तसं म्हणाला. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट करून ठेवलं. गिळायला त्रास होणार म्हणून नाचणीचं सत्त्वही. हूक नकोत म्हणून पुढून सैल असे दोन गाऊन आणले. लेक रविवारी येते आहे. भीती गेलेली नाही. रात्री दोनला ती उठून बसते आणि मीही तिच्याबरोबर.

परवा सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता मंगळसूत्राचा विषय निघणार. त्यांनी स्वतःच्या हाताने ते माझ्या गळ्यातून काढलं, देवघरातल्या डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘आत्तापासून सवय कर. गळा नीट राहिला म्हंजे झालं, घालायला काय, कवाबी घालता येतंय.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण तीन महिने भाकरी कोण करणार गं?’’

भाकरी हे शिकताहेत. काल रात्री पहिली केली. थापताना दोनदा मोडली, तव्यावर तिसऱ्यांदा. सासूबाईंनी ती दुधात कुस्करून खाल्ली आणि मीठ जास्त झालंय म्हणाल्या.