विश्लेषण : जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा का चुकतो? अख्खा पंप बदलण्याआधी काय तपासावे?

काटा पाव टाकी दाखवत असतो आणि गाडी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या पुलावर आचके देत बंद पडते. किंवा टाकी नुकतीच फुल केलेली असते आणि काटा मात्र रिझर्व्हच्या खाली पडून राहतो. पंधरा-वीस वर्षे जुन्या मोटारींत ही तक्रार नेहमीची आहे. त्यावर अनेकदा ‘पूर्ण पंप बदलावा लागेल’ असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा एका लहान भागात, कधी तर नुसत्या वायरीत असतो. तो नेमका कुठे आहे, हे टाकी न उघडता बऱ्याच अंशी कळू शकते.

काटा नेमका कसा चालतो?

टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो. तो एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोलची पातळी बदलली की दांडी वर-खाली होते आणि तिच्या टोकाचा धातूचा संपर्कबिंदू एका रोधपट्टीवरून सरकतो. त्यामुळे विद्युतरोध बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. या संपूर्ण भागाला गॅरेजमध्ये ‘टँक युनिट’ किंवा नुसते ‘फ्लोट’ म्हणतात.

जपानी धाटणीच्या अनेक गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध कमी आणि रिकामी असताना जास्त असतो. काही युरोपीय रचनांत हे उलटे असते. म्हणूनच दुसऱ्या मॉडेलचे ‘बसते आहे ना’ म्हणून लावलेले युनिट चुकीचे आकडे दाखवते.

पद्मिनी आणि नंतरच्या गाड्या यांत फरक काय?

कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत पेट्रोल खेचणारा यांत्रिक पंप इंजिनावर होता. टाकीत फक्त पातळी मोजणारे युनिट असल्याने ते स्वतंत्रपणे काढता येत असे. २००० च्या आसपास एमपीएफआय इंजिने रूढ झाली आणि विजेवर चालणारा पंप टाकीत गेला. बहुतेक गाड्यांत पंप, गाळणी आणि फ्लोट एकाच सांगाड्यावर आले. ‘फ्लोट बिघडला म्हणजे पूर्ण पंप बदला’ या सल्ल्याचे मूळ इथे आहे. मात्र अनेक मॉडेलमध्ये फ्लोटचा भाग त्या सांगाड्यावरून वेगळा निघतो. त्यामुळे ‘फ्लोट सुटा मिळतो का?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये सर्वात आधी विचारायला हवा.

जुन्या गाड्यांचा प्रश्न अजून का?

मुंबईत नोंदणी झालेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीसाठीच्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. खासगी मोटारीचे गणित वेगळे आहे. १५ वर्षांनंतर आरटीओमध्ये तपासणी करून नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. अंधेरी, बोरिवली आणि पूर्व उपनगरांसाठी वडाळा येथील आरटीओ कार्यालयांत अशा गाड्या येत असतात. इंजिन ठणठणीत, पण वायरिंग आणि सेन्सर थकलेले, अशी त्यांची अवस्था असते.

बिघाड कशामुळे होतो?

पहिले कारण झीज. संपर्कबिंदू वर्षानुवर्षे त्याच पट्टीवर घासतो. काटा प्रत्येक वेळी ठरावीक पातळीलाच उडी मारत असेल, तर पट्टी तिथे झिजली असण्याची शक्यता मोठी.

दुसरे कारण गंधक. संपर्कबिंदूंमध्ये चांदीचा वापर होतो आणि इंधनातील क्रियाशील गंधकामुळे तिच्यावर काळा थर चढतो. २००४ मध्ये अमेरिकेतील लुईझियाना आणि फ्लोरिडात अशा गंधकयुक्त पेट्रोलमुळे गाड्यांचे काटे बिघडले आणि काही पंपांवरील विक्री थांबवावी लागली. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग इतकी खाली आली आहे. पण जुन्या गाडीत आधी चढलेला थर त्यामुळे निघत नाही.

तिसरे कारण मुंबईचे. पावसाळी दमट हवा आणि साचलेल्या पाण्यातून गाडी नेणे यामुळे टाकीजवळचा प्लग आणि ‘अर्थ’ची वायर गंजते. गंज म्हणजे जादा रोध. जपानी धाटणीच्या गाडीत त्यामुळे टाकी भरलेली असूनही काटा खाली राहतो.

चौथे कारण सीएनजी. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत पेट्रोल फक्त चालू करण्यापुरते वापरले जाते आणि टाकीत महिनोन्‌महिने पडून राहते. त्यातून चिकट साका तयार होतो आणि फ्लोटची दांडी अडकते. सीएनजीची पातळी दाखवणारे दिवे सिलिंडरमधील दाबावर चालतात. ते बरोबर असले म्हणून पेट्रोलचा काटा बरोबर ठरत नाही.

याखेरीज फ्लोटला बारीक छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले, तर तो बुडतो आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवतो.

टाकी न उघडता काय तपासता येते?

तापमानाचा काटाही चुकत असेल, तर संशय टाकीवर नव्हे, डॅशबोर्डच्या वीजपुरवठ्यावर घ्यावा. त्यानंतर फ्यूज पाहावा. पुढची पायरी टाकीकडे जाणाऱ्या प्लगची. अनेक हॅचबॅक गाड्यांत तो मागच्या सीटखाली झाकणाच्या आत असतो. प्लग काढून इग्निशन चालू केल्यावर काटा एका टोकाला गेला, तर मीटर आणि वायर बहुधा ठीक आहेत. काटा आधीपासूनच त्या टोकाला असेल, तर इलेक्ट्रिशियन ठरावीक ओहमचा रोध जोडून मीटर तपासतो. वायर थेट बॉडीला टेकवून पाहण्याची जुनी सवय मात्र इलेक्ट्रॉनिक डॅशबोर्डला घातक ठरू शकते.

शेवटी अर्थ तपासावा. प्लगमधील अर्थची तार आणि गाडीची बॉडी यांत मल्टिमीटरने जवळपास शून्य ओहम दिसायला हवेत. तसे नसेल, तर जोड घासून घट्ट करणे हीच दुरुस्ती.

युनिट काढावेच लागले तर?

हे काम मेकॅनिककडून करून घेणेच योग्य, कारण धोका पेट्रोलच्या वाफेचा आहे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसपेक्षाही कमी तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. त्यामुळे सोसायटीच्या तळघरातील किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये टाकी उघडू नये. मोकळी जागा, जवळपास ठिणगी नाही आणि हाताशी पावडरचे अग्निशामक, या किमान अटी आहेत. टाकी जवळपास रिकामी असावी. एमपीएफआय गाडीत आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, म्हणजे नळीतील दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडतात.

बाहेर काढलेले युनिट टाकीपासून दूर नेऊन मल्टिमीटर लावावा आणि दांडी हळूहळू वर-खाली करावी. ओहमचा आकडा सलग बदलला तर युनिट चांगले. मध्येच तुटला किंवा उसळला तर पट्टी खराब. नुसता काळा थर असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने तो निघतो. सँडपेपर वापरल्यास पट्टीच खरवडली जाते. छिद्र पडलेल्या पितळी फ्लोटला डाग देणे टाळावे, कारण आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. परत बसवताना रबरी सील नवेच हवे. जुन्या सीलमधून झिरपणारे पेट्रोल थेट मागच्या सीटखाली येते.

जुना भाग घ्यावा का?

कंपनीकडे न मिळणारे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील बाजारात शोधले जातात. तिथे युनिट घेताना दुकानातच मल्टिमीटर लावून वरील चाचणी करून घ्यावी. मॉडेल, वर्ष आणि इंधनप्रकार जुळलाच पाहिजे.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे?

टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणावा. समजा टाकी ३५ लिटरची आहे आणि गाडी शहरात लिटरला १२ किलोमीटर देते. हिशेबाने ४२० किलोमीटर होतात, पण ३०० झाले की पंप गाठावा. वाहतूक कोंडीत एसी लावून उभ्या गाडीचे पेट्रोल जळते आणि ते ट्रिप मीटरला दिसत नाही. टाकीतला विजेचा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. वारंवार तळाशी आलेल्या पेट्रोलवर गाडी चालवली, तर फ्लोटच्या छोट्या बिघाडापायी खरोखरच पंप बदलण्याची वेळ येते.