बैलाची साक्ष कोण देतो?



गेल्या हंगामात नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी येथे सभासदांच्या भेटीस आम्ही गेलो होतो. ऊसतोडीच्या तारखा, गाडीवानांची उचल असे नेहमीचे विषय झाल्यावर गोष्ट शंकरपटावर आली. एका वयस्क सभासदाने आम्हांस विचारले, "साहेब, कोर्टानं पट बंद केला, मंग चालू केला. बैल तोच, कोर्टही तेच. मंग निकाल दोन कसे?" शेजारचा तरुण म्हणाला, "अन् बैलाले कोनं इचारलं?" सगळे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून त्याचा थोडा खुलासा येथे करीत आहोत.

मुके जनावर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. १९६९ साली महाराष्ट्रातल्या रेल्वे घातपाताचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात पोलिसांच्या कुत्र्याने काढलेल्या मागाचा प्रश्न आला. न्यायालय म्हणाले की कुत्रा शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याला हाताळणाऱ्या माणसालाच सांगावे लागते. आणि कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ लावताना चूक होण्याचा धोका असतोच. तेव्हा अशा पुराव्यावर फार भार टाकता येत नाही.

जनावराच्या वागण्याचा अर्थ लावणाऱ्या जाणकाराला कायद्यात जागा मात्र आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये तज्ज्ञाच्या मताची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि तीच तरतूद कलम ३९ मध्ये आली. तज्ज्ञाचे मत न्यायालय विचारात घेते, पण ते न्यायालयावर बंधनकारक नाही. नुसते मत देऊन भागत नाही. त्यामागची कारणेही तोलली जातात. काय पाहिले, कधी पाहिले, त्यावरून काय म्हणता, असा हिशेब तज्ज्ञालाही द्यावा लागतो.

आता बैलाकडे वळू. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-तमाशासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. त्या निकालात बैलाच्या शरीराची व स्वभावाची चर्चा आहे. बैलाचे पोट व छाती मोठी, अंग पिंपासारखे, सांधे घोड्यासारखे सहज दुमडत नाहीत. तो ओढकामाचा प्राणी आहे. घाबरला म्हणजे तो पळतो किंवा अंगावर येतो. म्हणजे पटातले त्याचे पळणे ही हौस नसून भीती आहे, असा त्या बाजूचा मुद्दा. शेपटी पिरगाळणे, टोचणी लावणे यांचे अहवालही न्यायालयापुढे होते.

२०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. पण ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. मग राज्य सरकारने जाणकारांची समिती नेमली आणि बैलाला पळण्याची क्षमता आहे असा तिचा अहवाल सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने नियमांच्या अधीन राहून शर्यतींना मोकळीक दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू व कर्नाटक यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरविले.

मग निकाल दोन कसे? आधीचे तज्ज्ञ खोटे ठरले, असे घटनापीठाने म्हटलेले नाही. २०१४ चा निकाल तेव्हाच्या रीतीवर होता. नव्या कायद्याने व नियमांनी ती रीत बदलली, जनावराचे हाल बरेच कमी होतील अशी तजवीज झाली, म्हणून निकाल बदलला. हे 'म्हणून' आपण नीट ध्यानात धरले पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, एक हजार मीटरच्या आतले अंतर, काठी-चाबूक-टोचणी बंद, या अटींवर पट उभा आहे. अट मोडली तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड वा ३ वर्षांपर्यंत कैद. दंडाचे एकवेळ सोडा. पटात टोचणी निघाली की जुनीच रीत परत आली, आणि मग जुना निकालच खरा होता असे म्हणायला विरोधकांना जागा आपणच करून देतो.

तज्ज्ञ पाहतो तरी काय? बैलाला मान न वळवता जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त ऐन पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून अचानक हात लावला की तो लाथ मारतो किंवा उधळतो. डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसणे, वारंवार शेण टाकणे, नाकपुड्या फुगणे, जू दिसताच मागे सरणे ही भीतीची लक्षणे. कोणत्या माणसाने आपल्याला मारले हेही जनावर ओळखते. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना हे सारे ठाऊक असते. फरक इतकाच, की तज्ज्ञ ते तारीखवार लिहून ठेवतो आणि उलटतपासणीला उभा राहतो.

सभासदांचा संबंध फक्त पटाशी नाही. बैलाने कोणाला शिंगावर घेतले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकावर खटला होऊ शकतो. जनावरापासून धोका होऊ नये इतकी काळजी घेतली नाही असे ठरले, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेथे प्रश्न हाच येतो: बैल मुळचा मारका होता, की कोणी डिवचला? मालकाला त्याचा स्वभाव माहीत होता काय? म्हणून अशी घटना घडली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. बैलाच्या अंगावरच्या खुणांची नोंद करून घ्यावी. घटनेपूर्वी तो कसा वागत होता, वैरण खात होता काय, हे पाहणाऱ्या दोघांची नावे लिहून ठेवावी. महिन्याने आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्याच दिवशीच्या चार ओळींना वजन असते.

ऊस ओढणाऱ्या गाडीवान बंधूंसाठीही १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. आणि उष्णता ३७ अंशांवर गेली तर दुपारी १२ ते ३ बैल जुंपायचा नाही. आपल्या भागात फेब्रुवारी सरला की ही वेळ येतेच. काट्यावर रांग लांबली तर बैल जुंपूनच उभे ठेवू नयेत, सोडून सावलीला बांधावेत.

वडनेरच्या त्या बैठकीत शेवटी एक आजोबा बोलले, "तो बोलत नाई, पन त्याचं आंग बोलते. आपन पाह्यलं पाह्यजे." तज्ज्ञ न्यायालयात येतो तो नंतर, कधी कधी वर्षांनी. रोज सकाळी दावणीपाशी उभे असतो ते आपण. तेव्हा बैलाची पहिली साक्ष आपल्यालाच द्यायची आहे, आणि ती खरी द्यायची आहे, एवढेच आमचे सभासदांस सांगणे.