काळं पडण्याची वाट पाहू नका

शिळ्या भाकरीवर, ओल्या भिंतीवर, परसातल्या पालापाचोळ्यात बुरशी असतेच. तिचे बीजाणू आपण रोज श्वासावाटे आत घेतो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण शरीरातल्या संरक्षक पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात. हा पहारा ढिला पडला की काय होतं, ते २०२१च्या उन्हाळ्यात आपण पाहिलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला आणि जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण व ४,३०० वर मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते. लाट ओसरली, बातम्या थांबल्या, आजार मात्र गेलेला नाही. कोविडच्या आधीही तो आपल्याकडे होता, कारण त्याचं मोठं कारण, म्हणजे आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह, घरोघरी होतं.

साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झालं, की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं. म्युकर गटातल्या बुरशीला वाढायला नेमकं हेच लोह लागतं. त्याच वेळी पांढऱ्या पेशीही मंदावलेल्या असतात. स्टेरॉइडचे मोठे डोस साखर चढवतात आणि प्रतिकारशक्ती दाबतात. रक्ताच्या कर्करोगाचे आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्णही याच धोक्यात असतात.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते. तिथे रक्त गोठतं, पुढचा पुरवठा तुटतो, ऊती मरतात आणि काळ्या पडतात. औषध रक्तातूनच जायचं असल्यामुळे मेलेल्या भागात ते पोचत नाही. म्हणून तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो, कधी जबड्याचं हाड, तर कधी डोळाही.

निदानाची अडचण अशी, की म्युकर पकडणारी खात्रीची साधी रक्ततपासणी नेहमीच्या वापरात नाही. अॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीसाठी गॅलॅक्टोमॅननची तपासणी उपयोगी पडते, म्युकरमध्ये ती निगेटिव्हच येते. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं नाही. सीटी स्कॅन आणि एमआरआय दिशा दाखवतात, शेवटचा शब्द बायोप्सीचा. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून तुकडा घेतात. प्रयोगशाळेत तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की त्याच दिवशी अंदाज येतो. रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू दिसले तर म्युकर. बारीक, पडदे असलेले, लघुकोनात फुटणारे दिसले तर बहुधा अॅस्परजिलस. पण फ्युझॅरियम आणि सीडोस्पोरियमही असेच दिसतात, म्हणून नमुना वाढवून पाहावाच लागतो. त्यातही एक मेख आहे. नमुना नेहमीप्रमाणे वाटून लावला, तर म्युकरचे नाजूक तंतू मरतात आणि काहीच उगवत नाही. त्याचे बारीक तुकडे करूनच लावावे लागतात. म्हणून ‘म्युकरची शंका’ हे शब्द तपासणीच्या कागदावर असायला हवेत.

एवढी चिकित्सा करायची, कारण बुरशी बदलली की औषध बदलतं. अॅस्परजिलसवर पहिली पसंती असलेलं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. म्युकरवर मुख्य औषध अॅम्फोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून १९५०च्या दशकात ते मिळालं. ते मूत्रपिंडाला इजा करतं, म्हणून ते चरबीच्या सूक्ष्म पुड्यांत भरलेल्या, म्हणजे लायपोसोमल रूपात दिलं जातं. असं भारतीय बनावटीचं औषध घडवण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे. डोस रोज किलोमागे किमान ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या रोज, आणि तेही कित्येक आठवडे. २०२१मध्ये तुटवडा का पडला, ते या हिशेबातच आहे. पुढे पोसाकोनॅझोल किंवा इसाव्हुकोनॅझोलच्या गोळ्या चालतात. लोमेंटोस्पोरा प्रोलिफिकन्ससारख्या बुरशीपुढे मात्र जवळजवळ सगळीच औषधं हात टेकतात.

उशिराची किंमत किती, हे २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसलं. रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या म्युकरग्रस्त रुग्णांना उपचार मिळायला ६ दिवस वा अधिक उशीर झाला, त्यांच्यातले सुमारे ८३ टक्के १२ आठवड्यांत दगावले. वेळेवर औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होतं.

तेव्हा घरात मधुमेही असेल, कोणाला स्टेरॉइड चालू असेल किंवा केमोथेरपी झालेली असेल, तर एका बाजूचं नाक चोंदणं, गाल दुखणं वा बधिर होणं, दात अचानक हलणं, डोळ्याला सूज येणं, एकाचे दोन दिसणं यांतलं काहीही सर्दी म्हणून अंगावर काढू नका. टाळूवर काळा डाग दिसेपर्यंत थांबलात, तर उशीर झालेला असतो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठा, साखर तपासा आणि दुर्बिणीची तपासणी हवी का, हे स्पष्ट विचारा.